कुठलं मूल डोळ्यासमोर आहे?

कराड,
जुलै अखेर

चि. मनू हिस,


तुझं पत्र पोचलं. फोनवर "बरं चाललंय" यापलीकडे तू जात नाहीस आणि कागदावर मात्र मनातलं सगळं उतरवतेस, हे माझ्या पथ्यावरच पडलं. फोनवर सल्ला द्यायला लागले की मला केंद्रप्रमुखाचा सूर लागतो, असं दादा म्हणतो. निवृत्त झाले तरी तो सूर गेलेला नाही, हे खरं आहे.

तर तुझा प्रश्न. प्रशिक्षणात सांगतात ज्ञानरचनावाद: मुलांना स्वतः शोधू द्या, शिक्षकाने सुलभक व्हायचं, पुढे पुढे करायचं नाही. तू तुझ्या पहिली-दुसरीच्या वर्गात ते मनापासून करतेस. भिंतीपलीकडे तुझे ज्येष्ठ सहकारी तिसरी ते पाचवीला बाराखडी आणि पाढे घोकून घेतात, प्रश्न विचारलेला त्यांना खपत नाही, आणि त्यांची मुलं धडाधड वाचतात. त्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक पालक सगळ्यांसमोर बोलून गेले की ताईच्या वर्गात पोरं हसतात आणि गुरुजींच्या वर्गात वाचतात. हे वाक्य तुला झोंबलं आणि तू मला विचारतेस, यातलं बरोबर कोण?

ते मी लगेच सांगणार नाही, कारण तुझ्या प्रश्नांचा क्रम उलटा लागला आहे. शिकवण्याची कुठलीही पद्धत कोणीतरी, कुठल्यातरी मुलाला समोर ठेवून, कशासाठी तरी काढलेली असते. ते मूल आणि तो हेतू मागे टाकून नुसती पद्धत उचलली की हातात फक्त तक्ते आणि कार्डं उरतात.

पंतोजींच्या शाळेची आपण आता टिंगल करतो. धुळाक्षरं, मोडीचं वळण, पावकी-निमकी-अडीचकीचा घोष, चुकलं की छडी. पण ती पद्धत बिनडोक नव्हती. मुलाने कुलकर्ण्याच्या दप्तरात किंवा पेढीवर बसून मोडी कागद वाचावा, साऱ्याचा आणि व्याजाचा हिशेब तोंडी करावा, एवढंच त्या शाळेला हवं होतं आणि तेवढं ती चोख करून देई. माझा तिच्यावर राग घोकंपट्टीचा नाही. ज्यांच्याकडून सारा वसूल व्हायचा त्यांची पोरं त्या ओसरीवर नव्हती, याचा आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, ते तू डी.एड.ला टिपा लिहिण्यापुरतं वाचलं असशील. आता पुन्हा वाच. नोकरी लागल्यावर ते वेगळं वाचलं जातं. सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे घ्या, आणि पगार १२ रुपयांहून कमी देऊ नका, असंही ते सांगतात. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती. शिकवायचं कुणाला, कुणी आणि कशासाठी, हे त्यांनी आधी मांडलं. (शिक्षण सेवकाचं सोळा हजारांचं मानधन बघून जोतीराव काय म्हणाले असते, ते तूच ठरव.)

आता तुझ्या वर्गाकडे बघ. घरी वारली बोली. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आधार, आणि असलाच तर वनहक्काच्या दाव्याचा. त्या घरातली मुलगी पाचवीतून बाहेर पडताना तिला हे कागद वाचता आले पाहिजेत. भट्टीवर घेतलेली उचल, आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटा यांचा हिशेब पडताळता आला पाहिजे. आणि तो चुकला असेल तर "चुकलाय" म्हणताना तिचा आवाज पडता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी गुरुजींच्या वर्गात होतील. तिसरी होणार नाही, कारण तीन वर्षं जिला वर्गात प्रश्न विचारायची मुभा नव्हती ती भट्टीवर कुठून विचारणार? तुझ्या वर्गात तिसरी होईल. पण पहिल्या दोन नसतील तर नुसत्या आवाजाला मुकादम भीक घालत नाही. त्या पालकाचं बोलणं तुला लागायला हवं ते या कारणासाठी. तुझी पद्धत हरली म्हणून वाईट वाटून घेण्यात काही अर्थ नाही.

पण हिशेब आणि अर्ज यावरही थांबू नकोस. गरिबाच्या मुलाला अर्ज लिहिता आला म्हणजे पुष्कळ झालं, आणि साहेबाच्या मुलाला गोष्टी, चित्रकला, तबला, अशी वाटणी कोणी मुद्दाम ठरवत नाही, ती होऊन जाते. ती न होऊ देणारी माणसं तुझ्या अगदी शेजारी होऊन गेली. पालघर जिल्ह्यात नोकरी मिळाली म्हणून तू रडलीस, तेव्हा मला पहिलं आठवलं ते कोसबाड.

माँटेसरी म्हटलं की आता गुळगुळीत लाकडी साहित्य आणि पालकांचं कंबरडं मोडणारी फी आठवते. पण मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह १९०७ च्या जानेवारीत उघडलं ते रोममधल्या सान लोरेंझो या कामकऱ्यांच्या वस्तीत, आईबाप कामाला गेल्यावर जिन्यांवर हुंदडणाऱ्या पोरांसाठी. तोच विचार गिजुभाई बधेकांनी भावनगरला आणला आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. इथपर्यंतचं काम बरंचसं मध्यमवर्गाच्या मुलांत होतं आणि ताराबाईंना ते खुपत होतं. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर आल्या. मग १९५७ च्या सुमारास सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये.

तिथे त्यांनी काय केलं ते नीट बघ. महागडं साहित्य परवडणार नव्हतं, तेव्हा बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हेच साहित्य केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीत नेली आणि अंगणात मांडली. आधी मुलांना आंघोळ, वेणीफणी, मग गाणी आणि खेळ. मोठी मुलं गुरांमागे जात, म्हणून जिथे गुरं चरतात तिथे कुरणशाळा. मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे विकासवाडी. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. तुझ्या शाळेशेजारच्या खोलीत रोज खिचडी शिजते ती अंगणवाडी त्या दोघींच्या ओळखीची आहे.

माँटेसरीबाईंचं साहित्य त्यांनी सोडलं, वेळापत्रक सोडलं, इमारतसुद्धा सोडली. सोडलं नाही ते एवढंच, की मूल स्वतःच्या हाताने करून शिकतं आणि ते आपलं आपण शिकू लागलं की त्याला ढकलावं लागत नाही. याउलट आमच्या साताऱ्यातल्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादाचं काम उभं राहिलं, तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला येत. परत जाताना पुष्कळांनी नेली ती फरशीवरची रंगरंगोटी. मुलांशी तिथल्या बाई कशा बोलतात, केव्हा गप्प बसतात, हे नेणं अवघड होतं. फरशी रंगवणं सोपं.

कुठलं मूल डोळ्यासमोर आहे, यावरून किती रण माजतं ते २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने बघितलं. तू तेव्हा कॉलेजात होतीस, मिम्स बघून हसली असशील. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बासष्ट यांच्या जोडीने "वीस एक", "साठ दोन" असं वाचन दिलं होतं. वर्तमानपत्रं, विधानसभा, चहाच्या टपऱ्या, सगळीकडे टिंगल झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगलाबाई नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जुनी नावं रद्द केलेली नाहीत, नवं वाचन फक्त सोय म्हणून आहे, मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. ऐकायला कोणी तयार नव्हतं.

तू आता दुसरी शिकवतेस. वर्गात "पंचवीस" लिहायला सांग आणि वह्या बघ. काही जणी ५२ लिहितील, कारण कानावर आधी पाच पडतो आणि मग वीस. एकोणतीस सांगितलंस तर कोणी ३९ लिहील, कारण तीस ऐकू आलं ना! कन्नड, तेलुगू, तमिळ मुलं आधी दहा-वीस म्हणतात आणि मग एकक, जसं लिहितात तसं. मराठी मुलाला शंभरापर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव सुटं पाठ करावं लागतं. ज्याच्या आजीने जिना चढता-उतरता आकडे म्हणून घेतले, त्याला ते केव्हा आले हे आठवतही नाही. "आम्हाला नाही का आलं बासष्ट?" म्हणून हसणारे बहुतेक अशाच घरांतले होते. त्यांच्या डोळ्यासमोर त्यांचं स्वतःचं बालपण होतं आणि मंगलाबाईंच्या समोर तुझ्या पाड्यावरचं मूल.

मी तेव्हा मंगलाबाईंच्या बाजूची होते, अजूनही आहे. पण एक जोड देते. बाजारात कोणी साठ दोन म्हणत नाही. मुकादम बासष्टच म्हणणार. तेव्हा दशक-एकक पक्कं होईपर्यंत साठ दोन खुशाल म्हण, पण दुसरीच्या शेवटी प्रत्येक मूल बासष्ट ऐकून ६२ लिहितं की नाही, हे बघणं तुझं काम. तिथे "मुलं आपल्या गतीने शिकतील" हे उत्तर चालणार नाही. आपल्या गतीने शिकायला ज्यांच्याकडे वेळ आहे अशी ती मुलं नाहीत. दिवाळीनंतर त्यातली अर्धी भट्टीवर असतील.

वाचनाचंही असंच. बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं. लिपी तशी येत नाही. "ग" हा असाच का काढायचा, याला काही तर्क नाही. कुणीतरी दाखवल्याशिवाय तो समजायचा नाही. वाचणाऱ्यांच्या घरातलं मूल अक्षरं स्वतः शोधतं असं वाटतं, कारण बिस्किटाच्या पुड्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत कोणीतरी त्याला वर्षानुवर्षं दाखवत आलेलं असतं. तू कार्डं मांडून बाजूला बसतेस आणि तुझी मुलं ती कार्डं रचून बंगले बांधतात. छान बांधतात, पण वाचन होत नाही. तेव्हा शिकव. उघडपणे, रोज, ठरलेल्या वेळी शिकव. त्यासाठी गुरुजींचा रस्ता धरायलाच हवा असंही नाही. त्यांच्या पद्धतीत छत्तीस व्यंजनांच्या बाराखड्या, प्रत्येकी बारा, म्हणजे चारशेहून जास्त अक्षरं म्हणून झाली तरी मुलाच्या हाती एक शब्द पडत नाही. तू चार अक्षरं घे, म, क, र, घ, आणि एक काना. त्याच आठवड्यात घर, मका, काका, मामा, करा वाचून होतात. मराठी लिपी या बाबतीत मोठी सरळ आहे, जसं लिहिलं बहुतांशी तसंच वाचायचं. अक्षरांचा पुढचा गट शनिवारी ठरव. वर्णमालेचा क्रम शब्दकोशाला लागतो, मुलाला नाही.

मग गुरुजींची मुलं वाचतात ती कशामुळे? एक दिवस त्यांच्या वर्गात मागे बसून बघ. माझा अंदाज असा, की ते रोज येतात, रोज प्रत्येक मुलाकडून वाचून घेतात आणि चूक तिथल्या तिथे दाखवतात. तू ज्याला घोकंपट्टी म्हणतेस त्याच्या आत हा नेम आहे, आणि फळ त्या नेमाचं आहे. तेवढं त्यांच्याकडून उचल. पाढेही त्यांच्याकडेच दे. पाढे पाठच हवेत, या बाबतीत मी जुन्या वळणाची आहे आणि तशीच राहणार. त्या तासाला त्यांची तिसरी-चौथी तुझ्याकडे गोष्ट ऐकायला आणि प्रश्न विचारायला घे. दोनच शिक्षकांच्या शाळेत एवढी देवघेव करायला कुणाची परवानगी लागत नाही.

बोलीचं सांगते. वर्गात वारली ऐकू आली की दुरुस्त करायला धावू नकोस. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथे मुलाची मातृभाषा आणि भीतीमुक्त वर्ग हे लिहिलेलं आहे, कोणी आक्षेप घेतला तर कलम २९ दाखव. मुलं जशी बोलतात तशी त्यांची गोष्ट फळ्यावर लिही आणि त्यांच्याकडूनच वाचून घे. प्रमाण मराठी तिसरी-चौथीपर्यंत येईल, आलीच पाहिजे. आणि तू वारली शिक. वर्गात एक तरी विषय असा असावा, जो मुलांना येतो आणि बाईंना येत नाही. "ताई, असं नाही, असं म्हणतात" हे जी मुलगी पहिलीतच शिक्षिकेला सांगते, तिच्या आवाजाची काळजी मला फारशी वाटत नाही.

मुलांकडून परसबाग करून घेण्यावरून पालकांशी जी कुरबुर झाली त्यात मात्र मी पालकांच्या बाजूची आहे. "पोराला माती खणायला शाळेत पाठवत नाही" हे त्यांचं म्हणणं नवं नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला, सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. विचार मोठा होता. पण ज्या घरांना पिढ्यान् पिढ्या हातात अवजारच मिळालं होतं, त्यांना शाळेतही तेच दिसल्यावर शंका येणारच. याउलट इथून जवळच्या काले गावी १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या "कमवा आणि शिका"मध्येही श्रम होते. पण ते कशासाठी, हे पोराला आणि त्याच्या बापाला दोघांनाही कळत होतं: शाळा सुटू नये म्हणून. मी रयतच्याच शाळेत शिकले, त्यामुळे माझं माप थोडं झुकलेलं असेल. तर बाग कर, पण खणणं कमी आणि मोजणं जास्त. वाफ्याची लांबी-रुंदी, किती बिया, किती उगवल्या, वांगी किती किलो निघाली, सगळं मुलांच्या हातचं वहीत. ती वही पालकांना दाखव. आणि झाडलोट फक्त मुलींकडे जात नाही ना, तेही बघ.

चाचण्यांची धास्ती घेऊ नकोस. मी स्वतः केंद्रप्रमुख होते, तेव्हा हे माझ्याच पंगतीतल्यांविरुद्ध बोलणं झालं. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरू लागलं, तर शाळांनी मुलांकडून वाचनपुस्तकच पाठ करून घेतलं. मॅथ्यू आर्नोल्ड हा कवी तिथे शाळा तपासनीस होता, तो सतत विरोधात बोलत राहिला, आणि तरी ती पद्धत तीसेक वर्षं चालली. आपल्याकडे निपुण भारतच्या चाचण्या आहेत, उद्या दुसरं नाव येईल. चाचणीतून तुला कोण कुठे अडलंय ते कळतं, तेवढ्यापुरती ती वापर. तक्ता हिरवा दिसावा म्हणून कुणाचा गुण वाढवू नकोस. ज्या मुलाला येत नाही त्याला येत नाही, हे कागदावर राहू दे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला कोणीतरी शिकवील.

आणि हे सगळं बाजूला ठेवून एक काम आधी कर. ऑगस्ट संपायच्या आत पाड्यावर फिर आणि कुठली घरं दिवाळीनंतर भट्टीवर जाणार, त्यात तुझ्या वर्गातली कोण, कुणाची आजी किंवा काकू मागे राहणार, याची यादी कर. जी मुलं राहू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयात वेळेत जायला हवा. ऑक्टोबरमध्ये दिला तर उशीर झालेला असतो. जी जाणारच, त्यांच्यासोबत शिक्षण हमी पत्रक दे आणि भट्टी कुठल्या तालुक्यात आहे ते लिहून ठेव. गुरुजींना बरोबर घे, त्यांना पाड्यावरची घरं माहीत असणार. यादी झाली की मला पाठव, प्रस्तावाचा मसुदा मी इथून लिहून देते.

वहिनीने तिखट आणि शेंगदाण्याची चटणी दिली आहे, ती येत्या सोमवारी पार्सलने निघेल.

तुझी,
आत्या